सळी, केबल, वायर

गेले दोन महिने आमच्या घरात एका सायकलवरून चर्चा चालू आहे. चर्चा म्हणजे काय, मी सोडून बाकी सगळ्यांचं एकमत आहे. :) सायकल २००८ सालची, टाइम ट्रायलची. मूळची भाच्याची. तो पुण्यात ट्रायथलॉन करायचा, पुढे त्याने नवी घेतली आणि ही डोंबिवलीला आमच्याकडे आली. प्रश्न असा की हिचे केबलवर चालणारे गिअर काढून इलेक्ट्रॉनिक गिअर बसवायचे का?

भाचा म्हणतो, "मामा, जेवढे पैसे गिअरला घालशील तेवढ्यात दुसरी बरी सायकल येईल." बायकोचं म्हणणं, सायकल चार्जिंगला लावायची तर मग स्कूटर काय वाईट? आणि आमचे दादा, ज्यांनी तीस वर्षं बिनगिअरच्या काळ्या सायकलवरून स्टेशन गाठलं, ते एवढंच विचारतात, "सायकलला गिअर लागतोच कशाला रे?"

यातला दादांचा प्रश्न सगळ्यात जुना. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये तो भल्याभल्यांनी विचारला होता आणि त्यावरून बरीच भांडणंही झाली होती. म्हणून उत्तर जरा लांबून देतो.

आधी गिअर म्हणजे काय ते आपल्या कल्याणवरूनच समजून घेऊ. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कर्जतवरून बोरघाट चढतो, दुसरा कसाऱ्यावरून थळ घाट. बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ मध्ये, थळ घाटातून १८६५ मध्ये. दोन्हीकडे जास्तीत जास्त चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. सपाटीवर मजेत धावणारं इंजिन इथे पुरं पडत नाही, म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला जड गाड्यांच्या मागे जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. आता सायकलवाल्याला मागून इंजिन कोण लावणार? त्याचे पाय दोन आणि ताकद ठरलेली. मग उपाय एकच. पायडलच्या एका फेऱ्यात चाक कमी फिरेल अशी सोय करायची. अंतर कमी कापलं जातं, पण जोरही कमी लागतो. झाला गिअर.

ही सोय असावी म्हणून ज्याने आयुष्य घालवलं त्याची आणि आपल्या ठाण्याची एक गंमतशीर गाठ आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच एप्रिल महिन्यात फ्रान्समध्ये पॉल द व्हिवी जन्मला. सेंत-एतिएन गावात त्याने सायकलींचा व्यवसाय केला, 'ल सिक्लिस्त' नावाचं मासिक काढलं आणि त्यात 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत राहिला. त्याचं गाव डोंगरांच्या कुशीत. एका गिअरच्या सायकलवर तिथे अर्धा वेळ सायकल ढकलतच न्यावी लागे. व्हेलोसिओने स्वतः प्रयोग केले आणि जन्मभर एकच गोष्ट सांगितली: गिअर बदलता आला तर सामान्य माणूसही डोंगर चढेल.

समोर उभे होते आंरी देग्रांज. हेच ते गृहस्थ ज्यांनी १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. १९०२ साली तिथल्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची परीक्षा घेतली आणि मार्थ हेस नावाच्या बाईंनी तीन गिअरच्या सायकलवर, कुठेही उतरून न चालता, ती पार पाडली. सगळीकडे कौतुक झालं. देग्रांजनी मात्र लिहिलं (त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो) की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्या माणसांसाठी ठीक आहेत. खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या जोरावर जिंकावं. हे नुसतं मत नव्हतं, हातात शर्यतही होती. टूरमध्ये मान्यवर खेळाडूंना डिरेलर वापरायची परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर जगातले सर्वोत्तम सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून लावायचे (दुसऱ्या बाजूला मोठं चक्र असे) आणि मग चढायला लागायचे. माथ्यावर पुन्हा तीच कसरत. १९३७ ची टूर रोजे लापेबीने डिरेलरवर जिंकली आणि वाद संपला. व्हेलोसिओ मात्र ते बघायला नव्हता. १९३० मध्ये त्याच्याच गावात ट्रामची धडक बसून तो गेला.

पंचेचाळिशीचा मुद्दा लक्षात ठेवा. मी ती ओलांडून बरीच वर्षं झाली आहेत. :)

तर गिअर असावा हे ठरलं. पण तो बदलायचा कसा? इथून पुढचा सगळा इतिहास पायांचा नाही, हातांचा आहे. पाय तेव्हा जे करत होते तेच आजही करतात. फरक पडत गेला तो एवढाच की गिअर बदलायला हात कुठवर न्यायचा आणि त्यात किती जोर घालायचा.

इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोची गोष्ट सांगतात. १९२७ मध्ये एका बर्फाळ घाटात गारठलेल्या बोटांनी चाकाच्या पंखवाल्या चाक्या त्याला सैल करता येईनात आणि शर्यत हातची गेली. गोष्टीत पदरचं किती ते सोडून द्या, पण पुढे त्याने दांडा फिरवून चाक पटकन काढता-घालता येईल अशी युक्ती बनवली आणि १९३३ मध्ये कंपनी काढली. १९४० च्या दशकात त्याचा जो गिअर गाजला त्याला दोन लांब दांडे होते, मागच्या चाकाच्या वरच्या नळीला लावलेले. सायकल चालवता चालवता हात पाठीमागे खाली न्यायचा, एका दांड्याने चाक सैल करायचं, पायडल उलटं मारत दुसऱ्या दांड्याने चेन सरकवायची आणि पहिल्याने चाक पुन्हा आवळायचं. जिनो बार्ताली असल्या गिअरवर १९४८ ची टूर जिंकला. डोळ्यांसमोर आणून बघा. माझी तर कल्पनेतच सायकल आडवी होते.

मग केबल आली. लिव्हर पुढच्या तिरप्या नळीवर, त्यातून तार मागच्या डिरेलरपर्यंत. हात हँडलवरून खाली न्यावा लागे, पण पाठीमागे नाही. त्या लिव्हरला 'टक' असा आवाज नसे. किती ओढायचं ते कानाने ठरवायचं; चेन कुरकुरली की जरा मागेपुढे करायचं. तबला लावण्यासारखंच ते. जपानच्या शिमानोने १९८४ मध्ये दर गिअरला टक्‌ करून थांबणारा लिव्हर यशस्वी करून दाखवला आणि १९९० मध्ये गिअरचा लिव्हर ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवला. हात हँडलवरून काढायची गरज संपली. कानाचं कामही गेलं.

आपल्याकडे हे सगळं चालू असताना काय होतं? दादांची काळी सायकल होती. तिला केबलच नव्हती! ब्रेकसुद्धा सळीचे. हँडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या आणि बिजागऱ्या. मडगार्ड, कॅरिअर, चेनवर झाकण आणि नगरपालिकेचा बिल्ला. तिच्यावरून दूधवाले कॅन न्यायचे, पोस्टमन फिरायचे, अख्खं कुटुंब एका सायकलवर बसायचं. आणि गिअर नाही म्हणून कोणाचं अडलंही नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून घरी परतले, तेही त्या काळच्या साध्या, जड सायकलींवर. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतसुद्धा सगळ्यांचं लक्ष बोरघाटाकडे. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. दादांच्या पिढीने हे सगळं पाहिलेलं किंवा ऐकलेलं असल्यामुळे त्यांना गिअर म्हणजे लाड वाटतो, यात नवल नाही.

पण दादांच्या सायकलीत एक गुण होता तो आपण विसरतो. ती कुठेही दुरुस्त होत असे. नाक्यानाक्यावर मिस्त्री, त्याच्याकडे पान्हा, पकड, हातोडी, ग्रीसचा डबा आणि छर्ऱ्यांची पुडी. चाकाचा आऊट काढायचा, कोन बदलायचा, सळी वाकली तर ठोकून सरळ करायची. गिअरच्या सायकली आल्या तेव्हा हेच मिस्त्री केबलही शिकले. कुठे अडते, कुठे गंजते, किती ताणायची हे डोळ्यांना दिसतं, बोटांना कळतं. यंत्र उघडं होतं. हा मुद्दाही लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

आता माझी सायकल. टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी शर्यत. एकेकाने ठरावीक अंतराने सुटायचं, कोणाच्या पाठीमागे वाऱ्याच्या आडोशाला लपायचं नाही, ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. या प्रकाराचा जन्म चोरीछुपे झाला. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात रस्त्यावरच्या झुंडीच्या शर्यतींवरून पोलिसांशी खटके उडायला लागले, म्हणून बिडलेक नावाच्या गृहस्थांनी १८९५ मध्ये एकेकाला सोडायची पद्धत काढली. पहाटे अंधारात जमायचं, मार्गाचं नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक द्यायचा, अंगात काळे कपडे घालायचे. कोणी विचारलं तर कसली शर्यत, आम्ही आपले एकेकटे फिरायला निघालोय!

पुढे सगळा खेळ वाऱ्याशी झाला. १९८९ च्या टूरचा शेवटचा दिवस व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे आलेल्या दांड्या लावल्या, कोपरं टेकवून, हात जुळवून, वाकून सायकल मारली आणि लॉराँ फिन्यॉंला एकूण ३२८५ किलोमीटरच्या शर्यतीत ८ सेकंदांनी हरवलं. त्या दिवसापासून टीटी सायकलीला पुढच्या दांड्या कायमच्या चिकटल्या.

आणि तिथेच हातांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. टीटी सायकलीला हात ठेवायच्या जागा दोन. सपाटीवर हात पुढच्या दांड्यांवर, गिअरचे लिव्हर त्यांच्या टोकाला. चढावर, वळणावर, गर्दीत हात बाहेरच्या आडव्या हँडलवर, ब्रेक तिथे. म्हणजे जिथे ब्रेक तिथे गिअर नाही, जिथे गिअर तिथे ब्रेक नाही. एका लिव्हरची एक केबल दोन जागी नेणं सोपं नाही.

युरोपातल्या बंद रस्त्यावर हे चालून जातं. आमचा रस्ता म्हणजे कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि हिंमत असेल तर पुढे माळशेज. पहाटे निघालं तरी गतिरोधक, खड्डे, वळणावर बसलेल्या म्हशी, उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल. हात ब्रेकवर आणायचा, वेग कमी करायचा, मग जड गिअरमध्येच कण्हत पुन्हा उचलायचं, नाहीतर एक हात पुढे नेऊन गिअर बदलायचा आणि त्या क्षणी पुढचं चाक खड्ड्यात. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढणाऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतील.

इलेक्ट्रॉनिक गिअरची खरी करामत ही आहे. लोकांना वाटतं, त्याने सायकल जोरात पळते. पळत नाही! पाय तेच, दात तेच. पण बटण म्हणजे शेवटी विजेचा खटका. जिन्याच्या दिव्याला जसं खाली एक आणि वर एक बटण असतं, तसंच इथे ब्रेकजवळ एक, दांडीच्या टोकाला एक. दोन्हीकडून तोच गिअर बदलतो. हाताला वणवण नाही.

हे सुद्धा एका झटक्यात जमलं नाही. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'झॅप' नावाचा विजेचा गिअर काढला. त्यात एक हुशारी होती: बॅटरी फक्त इशारा द्यायची, चेन सरकवायची ताकद फिरणाऱ्या छोट्या चक्रातून यायची. क्रिस बोर्डमनसारखा टाइम ट्रायलचा बादशहा तो वापरायचा. पण पावसाचं पाणी आत गेलं की रुसायचा. १९९९ मध्ये त्यांनी बिनवायरचा 'मेकट्रॉनिक' आणला, तोही टिकला नाही. २००९ मध्ये शिमानोचा 'डी-आय-टू' बाजारात आला आणि पहिल्यांदा लोकांचा विश्वास बसला. २०११ मध्ये काम्पान्योलोनेही आपला काढला आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने पूर्ण बिनवायरचा 'ईटॅप' आणला. सळी, केबल, वायर आणि शेवटी काहीच नाही!

मग मला तो कशाला हवा? शर्यती मी मारत नाही. खरं कारण घरच्यांना अर्धवट माहीत आहे, इथे पूर्ण सांगून टाकतो. दोन वर्षांपासून माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होतात. कोपरातून जाणारी अल्नर नावाची नस दबते. कोपराखालच्या गाद्या बदलल्या, हँडल उंच केलं, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालू आहेत, बराच उतारही आहे. पण मुठीत पूर्वीचा जोर राहिलेला नाही. तासाभरानंतर उजवा लिव्हर दाबायचा म्हणजे अख्खा खांदा कामाला लावावा लागतो. तेव्हा प्रश्न वेगाचा नाही, आणखी किती वर्षं सायकल चालवणार याचा आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांना बोटांचं हे दुखणं नवं नाही. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यतही स्वभावाने टाइम ट्रायलच. एकट्याने करायची तर १२ दिवसांत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पुरी केली. इतके दिवस हँडलवर भार टाकला की हात बधिर होतात, आणि तेव्हा गिअर ढकलावा लागतो की नुसता टेकवावा लागतो याला फार महत्त्व येतं. मार्थ हेसबाईंची गोष्ट आणि ही गोष्ट मला एकच वाटते. गिअरने कोणाला फुकट घाट चढवलेला नाही. ज्याला अर्ध्यावर उतरावं लागलं असतं त्याला शेवटपर्यंत सीटवर बसू दिलं, एवढंच. देग्रांज ज्यांना पंचेचाळिशीच्या पुढचे म्हणून हसले, ते पुढे पंचवीस-तीस वर्षं सायकल चालवतात, हे त्यांनी हिशोबात धरलं नसावं.

आता जुन्या सायकलीचं गणित. फ्रेम केबलसाठी बनलेली, आतून वायर न्यायला वेगळी वाट नाही. पण वायर केबलपेक्षा बारीक, त्यामुळे केबलच्याच भोकांतून सरकते. हल्ली बॅटरी सीटच्या गोल नळीत लपवतात; माझी नळी वाऱ्यासाठी चपटी केलेली, म्हणून बॅटरी बाहेर बांधावी लागणार. मागचं चाक दहा गिअरच्या काळातलं. अकरा गिअरची नेहमीची कॅसेट त्यावर बसत नाही, जागा जवळजवळ दोन मिलिमीटर कमी पडते. मात्र ११ ते ३४ दातांची एक कॅसेट अशी मिळते की तिचं मोठं चक्र आतल्या बाजूला झुकलेलं असल्याने ती जुन्या चाकावरही बसते. शिवाय ३४ दात म्हणजे माळशेजला बँकरच! :)

उरला मिस्त्रींचा मुद्दा, आणि तो मला खरोखर टोचतो. आमच्या स्टेशनजवळच्या मिस्त्रींना मी हा बेत सांगितला. त्यांनी डिरेलरचा फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "हे उघडत नाही ना?" नाही उघडत. केबल तुटली तर टोकावड्याला पकड मागून एका गिअरवर तरी अडकवता येते. हे बंद पडलं तर टोकावड्यालाच काय, डोंबिवलीतही कोणी हात लावणार नाही; बदलायचं, दुरुस्त नाही करायचं. गिअर जसजसा हाताच्या जवळ आला तसतसा तो मिस्त्रीच्या हातातून निसटत गेला. हाताची सोय आणि यंत्राची ओळख या दोन्ही गोष्टी एकत्र वाढलेल्या या इतिहासात मला कुठे सापडल्या नाहीत.

म्हणून मी ठरवलंय ते असं. मागचा गिअर इलेक्ट्रॉनिक, बटणं दोन्ही जागी. दुखऱ्या उजव्या हाताचं काम तेवढं सुटेल. पुढची दोन चेनव्हीलं मात्र केबलवरच राहतील, डाव्या दांडीच्या टोकाला, टक्‌ न करणाऱ्या जुन्या लिव्हरवर. डावा हात ठणठणीत आहे, पुढचा गिअर तसाही क्वचितच बदलतो आणि कान अजून शाबूत आहेत. बॅटरी कधी दगा देऊन बसलीच तर पुढचे दोन गिअर हाती राहतील. तेवढ्यावर मुरबाडहून घरी येता येतं. खर्चही पूर्ण संचापेक्षा कमी.

भाच्याने हे ऐकून सायकलीचं नाव 'अर्धनारीनटेश्वर' ठेवलंय. बायको चार्जरसाठी स्वयंपाकघरातला प्लग द्यायला तयार नाही. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता चढावर उतरावं लागणार नाही?" म्हटलं, नाही. "मग बसव," म्हणाले.